कापसाच्या गाठीपासून टॉवेलच्या खोक्यापर्यंत: सक्तीच्या श्रमावरच्या आयातबंदीसाठी फाइल कशी बांधायची

सक्तीच्या श्रमाच्या संशयावरून अमेरिकेच्या बंदरात कंटेनर अडला की निर्यातदाराला पहिला धक्का बसतो तो वेगळ्याच गोष्टीचा: नोटीस त्याच्या नावावर नसतेच. ती जाते तिथल्या आयातदाराला. उत्तराच्या मुदतीचं घड्याळही त्याचंच चालू होतं. आणि तो मग रात्री मेल टाकतो, ‘या लॉटचा कापूस कुठल्या जिनिंगचा होता, त्याचे कागद चार दिवसांत पाठवा.’ माल सोलापूरहून निघून तोवर दोन महिने झालेले असतात, सूत दलालामार्फत घेतलेलं असतं, आणि जिनिंगवाल्याचं, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्याचं, नाव कोणालाच ठाऊक नसतं.

हा लेख टॉवेल, चादरी, तयार कपडे अमेरिकेला किंवा युरोपला पाठवणाऱ्यांसाठी आणि त्यांना सूत-कापड पुरवणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण टॉवेलचं घेतलं आहे, पण पद्धत टी-शर्टलाही तीच लागते.

कोणता कायदा कुठे लागतो

अमेरिकेत पाया आहे १९३० च्या टॅरिफ कायद्याचं कलम ३०७. तुरुंगातल्या, सक्तीच्या किंवा करारबद्ध वेठीच्या श्रमातून पूर्ण वा अंशतः तयार झालेला परदेशी माल देशात येऊ द्यायचा नाही, एवढंच ते सांगतं. ‘देशात मागणीइतकं उत्पादन होत नसेल तर चालेल’ अशी पळवाट त्यात होती, म्हणून कलम अनेक दशकं जवळपास झोपून होतं. २०१६ मध्ये पळवाट काढून टाकली आणि तेव्हापासून सीबीपी, म्हणजे अमेरिकेचं कस्टम्स खातं, ते खरोखर वापरू लागलं. एखाद्या कारखान्याबद्दल किंवा प्रदेशाबद्दल वाजवी माहिती मिळाली की सीबीपी ‘माल रोखून धरा’ असा आदेश काढतं. इथे निर्णायक पुरावा लागत नाही, वाजवी संशय पुरतो.

त्यावर दुसरा मजला चढला तो उइघुर कायद्याने, म्हणजे चीनमधल्या उइघुर समाजाकडून करून घेतलेल्या सक्तीच्या श्रमाविरुद्धच्या अमेरिकी कायद्याने. त्यावर सही झाली २३ डिसेंबर २०२१ ला, अंमल सुरू झाला २१ जून २०२२ पासून. चीनच्या शिनजियांग प्रांतात पूर्ण वा अंशतः बनलेला, किंवा अमेरिकी सरकारच्या यादीतल्या कंपनीने बनवलेला माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असं हा कायदा आधीच गृहीत धरतो. गृहीतक मोडायची जबाबदारी आयातदाराची, आणि पुरावा ‘स्पष्ट आणि खात्रीशीर’ हवा. किती टक्क्यांपर्यंत चालेल अशी सूटही नाही. शिवणाचा दोरा शिनजियांगच्या कापसाचा निघाला तरी अख्खा कपडा अडकतो.

भारताचा काय संबंध? शिनजियांग जगातल्या कापसाचा सुमारे पाचवा हिस्सा पिकवतं. तो कापूस सूत होऊन, कापड होऊन अनेक देशांतून फिरतो. तुमचा कापूस यवतमाळचा असेल, पण लायनिंग, लेस, दोरा, लेबल यांतलं काही चीनहून किंवा व्हिएतनाममार्गे आलेलं असू शकतं. कापूस या कायद्याच्या प्राधान्य यादीत पहिल्या दिवसापासून आहे, त्यामुळे सुती मालाकडे कस्टम्सची नजर मुळातच जास्त.

युरोपीय संघाचा नियम (२०२४/३०१५) १३ डिसेंबर २०२४ पासून अस्तित्वात आला, प्रत्यक्ष लागू होतो १४ डिसेंबर २०२७ पासून. त्यात कोणत्याही प्रदेशाविषयी गृहीतक नाही, आणि सक्तीचं श्रम झालं हे सिद्ध करायची जबाबदारी तपास करणाऱ्या यंत्रणेवर आहे. मात्र तो सगळ्या मालाला लागतो, सगळ्या आकाराच्या कंपन्यांना लागतो, ऑनलाइन विक्रीलाही लागतो. कॅनडात अशी आयातबंदी १ जुलै २०२० पासून आहे, मेक्सिकोत मे २०२३ पासून.

एक गैरसमज इथेच दूर करू. अमेरिकेच्या कामगार खात्याची एक यादी आहे. त्यात भारतातल्या विटा, गालिचे, संकरित सरकी बियाणं, तयार कपडे, तांदूळ अशा वस्तू आहेत. ही यादी म्हणजे बंदी नव्हे. यादीत नाव असल्याने माल आपोआप अडत नाही; पण खरेदीदार आणि कस्टम्स दोघेही ती वाचतात, म्हणून तुमची वस्तू त्यात असेल तर प्रश्न जास्त येणार हे धरून चाला.

पहिलं काम: साखळी उलटी काढा

कोरा कागद घ्या, उजव्या टोकाला तयार खोकं काढा आणि मागे मागे जा. खोकं, शिलाई-फिनिशिंग, विणकाम, वार्पिंग (ताणा तयार करणं) किंवा सायझिंग (त्याला खळ लावणं), रंगाई, सूतगिरणी, जिनिंग-प्रेसिंग, कापूस खरेदी. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या आणि त्यात चार गोष्टी लिहा: काम नेमकं कोणी केलं, कुठल्या पत्त्यावर, त्या टप्प्यावर माल कोणाच्या मालकीचा होता, आणि तुम्ही त्या पार्टीला थेट पैसे दिले की मधल्या कोणाला. सीबीपीच्या मार्गदर्शनात नेमकं हेच मागितलेलं आहे: क्रमांक दिलेला प्रवाह-आराखडा, प्रदेशाचा नकाशा, आणि ज्यांच्याशी आयातदाराचा थेट व्यवहार नाही त्या प्रत्येकाची ओळख कोणत्या व्यापारी कागदावरून पटते त्याचा उल्लेख. कापसासाठी साखळीचं शेवटचं टोक ‘गाठ’ आहे, म्हणजे गाठीच्या पातळीपर्यंत जावंच लागतं.

हा आराखडा काढताना बहुतेकांचा पेन दोन ठिकाणी थांबतो.

एक, सूत. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर, तिन्हीकडे सूत बऱ्याचदा व्यापाऱ्याकडून येतं. त्याच्या बिलावर ‘३० काउंट कार्डेड, इतके किलो’, म्हणजे सुताची जाडी, प्रकार आणि वजन, एवढंच असतं. गिरणीचं नाव नाही, लॉट नंबर नाही. उपाय साधा आहे, पण खरेदीच्या वेळीच करावा लागतो. ऑर्डरमध्येच लिहा की बिलासोबत गिरणीच्या मूळ टॅक्स इन्व्हॉइसची प्रत, ई-वे बिल आणि लॉट नंबर असलेली पॅकिंग लिस्ट येईल, मगच पेमेंट होईल. व्यापारी भाव लपवायला कां-कूं करतो. त्याला भाव झाकून प्रत द्यायला सांगा. सुरुवातीला तेवढ्याने काम चालतं. माल उतरताना बाचक्यावरच्या लेबलचा आणि कोनच्या आतल्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. पुढे सगळ्यात उपयोगी पडतो तो हाच फोटो, कारण बिल आणि प्रत्यक्ष माल यांना जोडणारं दुसरं काहीच नसतं.

दोन, जॉब वर्क. सायझिंग, यार्न डाइंग, काठ शिवणं ही कामं बाहेर जातात, आणि पुष्कळदा तिथून आणखी बाहेर. तुमच्या जॉबवाल्याने गर्दीच्या दिवसांत माल शेजारच्या शेडमध्ये दिला, हे तुम्हाला कळतही नाही. जीएसटीखाली डिलिव्हरी चलनावर माल जातो आणि परत येतो, ती चलनं फाइलला लावा. पण त्यासोबत जॉबवाल्याकडून लेखी घ्या की तो काम पुढे देणार नाही किंवा देणार असेल तर आधी कळवेल. मग महिन्यातून एकदा जाऊन त्याच्या मागांची संख्या आणि तुमच्या मालाचं प्रमाण जुळतं का बघा. दहा मागांवर आठवड्यात जेवढं निघतं त्याच्या दुप्पट माल तो देत असेल तर उरलेला कुठेतरी विणला जातोय.

गाठीपासून सुतापर्यंत: इथे खरं कसब

भारतीय गाठ प्रमाण मानली तर १७० किलोची. प्रेसिंगमधून निघताना प्रत्येक गाठीवर पी.आर. नंबर, म्हणजे प्रेसचा चालू क्रमांक पडतो. साधारण १०० गाठींचा एक लॉट धरतात. जिनिंगवाला गिरणीला माल देतो तेव्हा बिलाला गाठीनिहाय वजनाची यादी जोडलेली असते, त्यात हे पी.आर. नंबर असतात. ही यादी म्हणजे साखळीतला सगळ्यात मोलाचा कागद. ती वजनाचा हिशेब मिटला की फेकून द्यायची पद्धत अनेक गिरण्यांमध्ये आहे. गिरणीशी बोलून ती जपायला लावा.

जिनिंगच्या मागे काय? शेतकऱ्याकडून कापूस घेतल्याची काटापट्टी, बाजार समितीची पावती, रोजचं खरेदी रजिस्टर. नोंदणीकृत जिनर शेतकऱ्याकडून थेट कापूस घेतो तेव्हा रिव्हर्स चार्जखाली जीएसटी त्याला भरावा लागतो, आणि त्यासाठी तो स्वतःच्या नावे सेल्फ इन्व्हॉइस बनवतो. हा कागद जिनरकडे हमखास असतो आणि तारीख, प्रमाण, किंमत सगळं सांगतो. मागायचं मात्र कोणाला सुचत नाही. खेडा खरेदीचा, म्हणजे गावोगावी जाऊन घेतलेला, कापूस असेल तर गावांची नावं रजिस्टरमध्ये आहेत का ते पाहा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, गाठी घेतल्या असतील तर काम हलकं होतं, कारण त्यांच्या गाठींवर अलीकडे क्यूआर कोड असतो आणि त्यातून केंद्र आणि कारखाना कळतो. आयात कापूस असेल तर, अमेरिकी गाठीला स्वतःचा कायम ओळख क्रमांक असतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, आणि तो क्रमांक एकत्र ठेवा.

आता अडचण ही की गिरणी एकाच गाठीतून सूत काढत नाही. ब्लोरूममध्ये, म्हणजे गाठी मोकळ्या करून साफ करायच्या विभागात, चाळीस-पन्नास गाठी एका रांगेत लावतात, निरनिराळ्या केंद्रांवरच्या, आणि यंत्र सगळ्यांवरून थोडी थोडी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, खुडत जातं. हीच मिक्सिंग. म्हणून ‘हे सूत अमुक गाठीचं’ असं म्हणता येत नाही. ‘हा सूत लॉट अमुक तारखेच्या अमुक मिक्सिंगचा, आणि त्या मिक्सिंगमध्ये या पी.आर. नंबरच्या गाठी होत्या’ एवढं म्हणता येतं. तेवढं पुरतं, पण त्यासाठी मिक्सिंग शीट हवी. चांगल्या गिरणीत ती दररोज भरली जाते, कारण प्रतीसाठी ती त्यांना स्वतःलाच लागते. फक्त ती गुणवत्ता विभागात असते आणि तुमच्याशी बोलणारा मार्केटिंगचा माणूस असतो. थेट स्पिनिंग मास्तरांना विचारा.

गिरणीत एखाद्या मिक्सिंगमध्ये कुठलाही अज्ञात मुळाचा कापूस किंवा दुसरीकडून आणलेला कोंबर नॉइल (रुई विंचरताना निघालेले आखूड तंतू) गेला असेल तर त्या दिवसाचं सगळं सूत अज्ञात मुळाचं ठरतं. ओपन एंड प्रकारचं सूत घेणाऱ्यांनी हे विशेष विचारायला हवं, कारण त्यात असा उरलेला वेस्ट कापूस वापरतातच.

वजनाचा ताळा

कागद सगळे असतात आणि तरी फाइल पडते, कारण आकडे बसत नाहीत. तपासणारा अधिकारी पहिली गोष्ट हीच करतो: एवढ्या रुईतून एवढे टॉवेल निघतील का?

समजा ५०० ग्रॅमचे ३०,००० टॉवेल आहेत. तयार वजन १५,००० किलो. शिवण, कापणी आणि रिजेक्ट मिळून ३ टक्के घट धरली तर कापड १५,४६४ किलो. धुलाई-रंगाईत ६ टक्के घट, म्हणजे १६,४५१ किलो. विणकामात २ टक्के वेस्टेज, म्हणजे सूत १६,७८७ किलो. कार्डेड सुताचा उतारा (रुईच्या वजनाच्या किती टक्के सूत निघतं ते) ८६ टक्के धरला तर रुई लागते १९,५२० किलो, भागिले १७०, म्हणजे ११५ गाठी. कापसातून रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर त्या ११५ गाठींमागे ५७५ क्विंटल कापूस. सोलापुरात बराच टॉवेल आधी सूत रंगवून मग विणतात. तिथे रंगाई आणि विणकामाचे टप्पे अदलाबदल करा, शेवटचा आकडा तोच येतो.

यातली टक्केवारी तुमच्या स्वतःच्या रजिस्टरातून घ्या, पुस्तकातून नको. कोंबड, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेलं, सूत असेल तर उतारा ७० ते ७५ टक्क्यांवर येतो आणि गाठी बऱ्याच वाढतात. फाइलमध्ये ९० गाठींचे कागद आणि ११५ गाठींचा माल असेल तर उरलेल्या २५ गाठी कुठून आल्या हा प्रश्न उभा राहणार. उलट बाजूही तितकीच वाईट. एकाच १०० गाठींच्या लॉटचे कागद तीन वेगवेगळ्या खरेदीदारांना दिलेले असतात, आणि तिघांची बेरीज केली तर एका लॉटमधून तिप्पट सूत निघाल्याचं दिसतं. गिरण्यांकडून ही चूक सर्रास होते, लबाडीने कमी आणि सोयीने जास्त. म्हणून गिरणीकडून लॉटनिहाय वाटपाचा तक्ता मागा: या लॉटचं एकूण सूत किती निघालं आणि त्यातलं किती कोणाला गेलं.

तारखांचाही ताळा लागतो. सूत विकल्याची तारीख गाठी गिरणीत पोचण्याच्या आधीची असेल तर बाकी कागद कितीही चोख असोत, फाइल संपली.

सुतापलीकडचं

टॉवेलच्या कडेला लावलेली लेस, कपड्याचं लायनिंग, खिशाचं कापड, शिवणाचा दोरा, लेबल, ड्रॉस्ट्रिंग, सगळ्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकाचा उत्पादक, देश आणि बिल लिहा. गिफ्ट सेट ज्या पारदर्शक झिपच्या पिशवीत जातात ती पीव्हीसीची असते, आणि पीव्हीसी २०२४ पासून उइघुर कायद्याच्या प्राधान्य यादीत आहे. त्याच वर्षी ॲल्युमिनियम आणि समुद्री अन्नही यादीत आलं. पिशवी पीव्हीसीऐवजी दुसऱ्या प्लास्टिकची किंवा कापडी करता येत असेल तर तो वाद घालण्यापेक्षा स्वस्त मार्ग.

उइघुर कायद्याच्या यादीतल्या कंपन्यांची नावं तपासताना फक्त पुरवठादाराचं नाव टाकू नका. त्याची मूळ कंपनी, जुनं नाव आणि चिनी लिपीतलं नावही पाहा. यादी वाढत राहते, जानेवारी २०२५ पर्यंत ती १४४ नावांवर गेली होती. म्हणून प्रत्येक शिपमेंटच्या आधी पुन्हा पाहा आणि पाहिल्याची तारीख फाइलवर टाका.

समस्थानिक (आयसोटोप) चाचणीने कापूस कुठल्या प्रदेशात उगवला याचा अंदाज लावता येतो, सीबीपी स्वतःही ती वापरतं. सूत घेताना अधूनमधून नमुना तपासून घेणं चांगलं. पण मिक्सिंगमुळे निकाल धूसर येऊ शकतो, आणि चाचणीचा अहवाल कागदांच्या साखळीची जागा घेत नाही.

कामगारांची फाइल

इथपर्यंत सगळं शिनजियांगभोवती फिरलं. पण कलम ३०७ भारतातल्या कारखान्यालाही थेट लागतं. तामिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यातल्या नाची ॲपरल या कारखान्याचा माल रोखण्याचा आदेश सीबीपीने जुलै २०२२ अखेर काढला आणि सुधारणांचे पुरावे पाहून ७ सप्टेंबरला मागे घेतला. दीड महिना म्हणजे फॅशनच्या धंद्यात एक हंगाम.

सक्तीचं श्रम म्हणजे काय, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या करारात सांगितलं आहे: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं, माणसाने स्वेच्छेने न पत्करलेलं काम. कुलूप लावून कोंडलेलंच असावं असं नाही. संघटनेने त्याची ११ लक्षणं दिली आहेत. आपल्याकडे त्यातली प्रत्यक्षात दिसतात ती अशी.

कर्ज आणि उचल. कामगार मुकादमामार्फत आला, घरच्या लग्नासाठी उचल घेतली, आणि ती फिटेपर्यंत सोडून जाता येत नाही. १९७६ च्या कायद्याने बंधबिगारी रद्द झाली ती याच नात्याला. उचल देणं स्वतःच गुन्हा नाही. उचल फिटेपर्यंत कामावर अडकवून ठेवणं, किंवा उचलीच्या बदल्यात कमी मजुरी देणं हा गुन्हा आहे. प्रत्येक उचलीची नोंद कामगाराच्या सहीने, परतफेडीचा हप्ता लिहून, आणि ‘काम सोडल्यास बाकी रक्कम वेगळी वसूल होईल, काम सोडता येणार नाही असे नाही’ हे त्याच्या भाषेत लिहून ठेवा. पगारातून सर्व मिळून होणारी कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये. ऊसतोडीत एका कोयत्यामागे, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्यामागे, दिली जाणारी उचल आणि टोळीची हंगामभराची बांधीलकी याच चौकटीत तपासली जाते, त्यामुळे साखर निर्यात करणाऱ्यांनी आणि साखर वापरून माल बनवणाऱ्यांनी युरोपचा नियम लागू होण्याआधी, म्हणजे २०२७ च्या आधी, हा भाग वाचायला हवा.

कागद ताब्यात. ‘हरवू नये म्हणून’ कंत्राटदाराने मूळ आधार कार्ड आणि एटीएम कार्ड ठेवून घेतलेलं असतं. हे आजच परत करा, परत मिळाल्याची सही घ्या.

शेवटी मिळणारा पैसा. दक्षिणेत काही सूतगिरण्यांत तरुण मुलींना तीन वर्षं पूर्ण केल्यावर लग्नासाठी एकरकमी रक्कम देण्याची ‘सुमंगली’ पद्धत गाजली. मध्येच सोडलं तर रक्कम बुडते, म्हणजे सोडण्यावर दंड झाला. तिकडून सूत घेत असाल तर गिरणीच्या वसतिगृहाची गेटची नियमावली आणि सोडून गेलेल्यांच्या अंतिम हिशेबाचे दोन-तीन नमुने मागा. मुलींना रविवारी बाहेर जायला कोणाची परवानगी लागते, हा एक प्रश्न पुष्कळ सांगून जातो.

ओव्हरटाइम. दुप्पट दराने दिलं की संपलं असं नाही. नाही म्हणण्याची मुभा होती का हे पाहिलं जातं. रजिस्टरमध्ये सगळ्यांच्या सह्या रोज रात्री नऊला, एकाच पेनाने केलेल्या, हे अधिकाऱ्याला दिसतं.

आणि किमान वेतन. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलं की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचंच. अमेरिकेची व्याख्या इतकी रुंद नाही. पण भारतीय न्यायालयाच्या भाषेत जे सक्तीचं ठरतं त्यावर परदेशी वकिलाने बोट ठेवलं तर उत्तर देणं जड जातं. घरी काठ शिवायला दिलेल्या कामाचा नगावर दर काढताना ताशी किमान वेतनाशी तो जुळतो का, हे घड्याळ लावून मोजा.

फाइलमध्ये काय ठेवायचं: मस्टर, पगारपत्रक आणि बँकेत जमा झाल्याची यादी एकमेकांशी जुळणारी, पीएफचा मासिक परतावा, कंत्राटदाराचा परवाना, नेमणूकपत्राची मराठी, तेलुगू किंवा हिंदी प्रत, आणि बाहेरून कामगार आले असतील तर त्यांनी आणणाऱ्याला किती पैसे दिले याची चौकशी. मलेशियातल्या टॉप ग्लोव्ह या हातमोज्यांच्या कंपनीवर अमेरिकेने बंदी घातली ती उठली कामगारांना भरती-दलालीचे पैसे परत दिल्यानंतर. पैसे परत करणं हाच बहुतेक ठिकाणी सुटकेचा मार्ग ठरला आहे. नुसतं धोरणपत्र लिहून उपयोग होत नाही.

फाइल लावण्याची पद्धत

प्रत्येक शिपमेंटला एक फोल्डर. वर एका पानाचा आराखडा, खाली चौकटीच्या क्रमांकानेच कागद: ४-अ गिरणीचं इन्व्हॉइस, ४-ब पेमेंटची बँक नोंद, ४-क मिक्सिंग शीट. मग वजनाच्या ताळ्याचं एक पान. मराठी, गुजराती, तमिळ कागदांचं इंग्रजी भाषांतर शेजारीच; काटापट्टी मराठीत आहे म्हणून मागे पडलेल्या फाइली आहेत. पार्टीचं नाव बिलावर एक, जीएसटीवर दुसरं, बँकेत तिसरं असेल तर तिन्ही नावं एकाच मालकाची असल्याचा दाखला जोडा. पाचशे पानं क्रमाशिवाय ओतली तर अधिकाऱ्याच्या मुदतीत ती वाचली जात नाहीत. फाइल माल बोटीवर चढण्याआधी पूर्ण हवी आणि आयातदाराकडे तिची प्रत हवी.

खरेदीदार ‘साखळीत कुठेही सक्तीचे श्रम नाही’ असं हमीपत्र मागतात. तुम्हाला जिनिंगपर्यंतच माहीत असेल तर जिनिंगपर्यंतच लिहा. नुसत्या हमीपत्राला कस्टम्स किंमत देत नाही, आणि खोटं ठरलं तर तोच कागद तुमच्यावर उलटतो.

माल अडला तर

उइघुर कायद्याखाली माल तपासणीसाठी सादर झाल्यापासून ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाही झाला तर प्रवेश नाकारल्याचं मानतात. मुदतवाढ मागता येते, पण तिच्या भरवशावर राहू नका, बंदराचं भाडं रोज चढत असतं. आयातदाराने आधी ठरवायचं की दोनपैकी कोणती वाट. ‘आमच्या मालाचा शिनजियांगशी किंवा यादीतल्या कंपनीशी संबंधच नाही’ ही एक, आणि ‘संबंध आहे पण सक्तीचं श्रम नाही’ ही दुसरी. भारतीय मालासाठी जवळजवळ नेहमी पहिली वाट. दुसरीला लागणारा पुरावा गोळा करणं बहुतेकांना शक्य नसतं. नकार आला तर १८० दिवसांत हरकत दाखल करता येते.

कलम ३०७ च्या साध्या आदेशाखाली अडलेल्या मालाचं घड्याळ निराळं: माल आयात झाल्यापासून तीन महिन्यांत परदेशी विक्रेत्याचं प्रमाणपत्र आणि आयातदाराचं सविस्तर निवेदन द्यावं लागतं. यातलं प्रमाणपत्र तुमच्या सहीचं, म्हणून नोटीस कोणत्या कायद्याखाली आहे हे पहिल्या दिवशी विचारून घ्या.

युरोपात गोष्ट सावकाश चालेल. प्राथमिक चौकशीत उत्तराला ३० कामकाजाचे दिवस, रीतसर तपास सुरू झाल्यावर माहिती द्यायला ३० ते ६० कामकाजाचे दिवस, आणि निर्णय साधारण नऊ महिन्यांत व्हावा असा हेतू. उत्तरच दिलं नाही तर हाती असलेल्या माहितीवर निर्णय होतो. बंदी आली की बाजारातला माल काढून घ्यावा लागतो, पण ग्राहकाच्या घरी पोचलेला परत मागत नाहीत. दोष एखाद्या बदलता येण्याजोग्या भागात असेल तर तेवढाच भाग काढावा लागतो. आणि कारण दूर केल्याचे पुरावे देऊन बंदीचा फेरविचार मागता येतो.

अमेरिकेने नाकारलेला माल परत नेता येतो, आणि मग तो दुसरीकडे खपवण्याचा मोह होतो. कॅनडा आणि मेक्सिको या दोन्हींवर अमेरिकेसोबतच्या व्यापार करारानेच हीच बंदी आहे, त्यामुळे ती दारं सोपी समजू नका. देशात परत आणणार असाल तर पुनर्आयातीचे कागद शिपिंग बिलाशी जुळवून ठेवा, निर्यातीवर घेतलेला ड्रॉबॅक (कस्टम ड्युटीचा परतावा) आणि जीएसटी परतावा परत भरावा लागतो. खोक्यांवरचे लॉट नंबर मात्र काढू नका. तो माल पुढे कुठेही गेला तरी त्याची फाइल त्याच नंबरावर लागते.